खेळणी कोण बनवतं आणि किती तास? नव्या पेठेतल्या दुकानदाराला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या नव्या पेठेत तुमचं खेळण्यांचं दुकान आहे. एका ताईंनी बाहुली हातात घेतली, खोक्यावरचं नाव वाचलं आणि परत ठेवली. म्हणाल्या, "ही खेळणी तिकडे लहान मुलांना कोंडून करून घेतात, आम्हाला नको." तुम्ही विचारता, यात खरं किती? आयएसआय शिक्क्याचा माल ठेवला की निर्धास्त राहावं का? आणि परिस्थिती खरंच वाईट असेल तर परदेशी माल ठेवणंच बंद करावं का?

माझं मूळ काम टॉवेल आणि चादरींच्या निर्यात कारखान्यांतल्या सामाजिक ऑडिटचं. म्हणजे परदेशी खरेदीदाराच्या वतीने कारखान्यात जायचं आणि कामगारांचे तास, पगार, सुरक्षितता तपासायची. पुढे त्याच खरेदीदारांचं कापडी आणि प्लास्टिकच्या खेळण्यांचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले आणि नंतर व्हिएतनाममधले कारखाने पाहता आले. तिथे कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलायला स्थानिक सहकारी असायची. कागद आणि कारखान्याचा मजला मी बघायचे.

त्या ताईंच्या म्हणण्यातला लहान मुलांचा भाग आधी घेते. निर्यातीच्या मोठ्या कारखान्यात दहा-बारा वर्षांची मुलं लाइनवर बसलेली मला दिसली नाहीत. चीनमध्ये कामाचं किमान वय १६ आहे आणि परदेशी ब्रँड सगळ्यात आधी तेच तपासतात, कारण बदनामी त्याचीच जास्त होते. सुट्टीच्या दिवसांत धंदेशिक्षणाच्या शाळांतली सोळा-सतरा वर्षांची मुलं 'प्रशिक्षणार्थी' म्हणून आणलेली मात्र असतात. त्यांना रात्रपाळी आणि ओव्हरटाइम देता येत नाही, तरी दिला जातो. आणि मोठ्या कारखान्याच्या मागे जी छोटी घरगुती युनिटं असतात, जिथे सुटे भाग जोडायला किंवा पाकिटं भरायला बाहेर दिले जातात, तिथे ऑडिटर पोचतच नाही. तिथली हमी मी देणार नाही.

पण मुलांचा प्रश्न या धंद्यात वेगळ्या बाजूने फार मोठा आहे, आणि तो कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो. लाइनवर बाहुलीला केस लावणारी किंवा अस्वलात कापूस भरणारी बाई आज बहुतेक वेळा पस्तीस ते पन्नास वर्षांची असते. ती हुनान, सिचुआन, ग्वांगशी अशा प्रांतांतल्या खेड्यातून आलेली असते. चीनमध्ये प्रत्येकाची नोंद त्याच्या मूळ गावी असते. 'हुकोऊ' म्हणतात त्या पद्धतीला. गावची नोंद असलेल्या बाईच्या मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळवणं अवघड असतं. मग मूल आजी-आजोबांकडे गावात राहतं आणि आई कारखान्याच्या वसतिगृहात. २०१६ साली चीन सरकारनेच केलेल्या मोजणीत आई-वडील दोघेही बाहेरगावी कामाला गेल्यामुळे खेड्यात मागे राहिलेली अशी ९० लाखांहून जास्त मुलं होती. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांची मुलं कुणाकडे राहतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी आणखी समजावून सांगायची गरज नाही. जगातली कितीतरी खेळणी आपल्या मुलाला वर्षातून एकदा, चिनी नववर्षाच्या सुट्टीत भेटणाऱ्या बाया बनवतात. मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात मोठी वेदना हीच आहे. काही कारखान्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत कामगारांच्या मुलांना आवारात ठेवून घ्यायची, त्यांच्यासाठी वर्ग चालवायची सोय सुरू केली आहे. मला ही सोय फार मोलाची वाटते.

आता 'कोंडून'. हा शब्द हवेतून आलेला नाही.

१० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये, बँकॉकजवळच्या नाखोन पाथोम प्रांतात, केडर नावाच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. तिथे अमेरिकेसारख्या देशांसाठी कापडी खेळणी आणि बाहुल्या बनत. १८८ माणसं मेली, पाचशेच्या आसपास जखमी झाली. बहुतेक तरुण मुली. दारं बंद होती, जिने अपुरे, जायच्या वाटेवर कापड आणि भरावाचे गठ्ठे. लोखंडी खांब-तुळयांवर आगीपासून वाचवणारा कसलाच लेप नव्हता, त्यामुळे उष्णतेने लोखंड नरमलं आणि इमारती खाली आल्या. वरच्या मजल्यांवरच्या मुलींनी खिडक्यांतून उड्या मारल्या. थायलंडमध्ये १० मे हा दिवस आता कामगार सुरक्षा दिन म्हणून पाळतात.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधल्या शेनझेनमध्ये झिली नावाच्या खेळण्यांच्या कारखान्यात आग लागली आणि ऐंशीहून अधिक कामगार गेले. त्याही जवळजवळ सगळ्या बाया आणि मुली. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायची दारं कुलूपबंद. त्या आगीनंतर मुलींच्या सामानात घरच्यांची, मैत्रिणींची पत्रं सापडली. पुढे अभ्यासकांनी ती वाचली. त्यांत सगळ्यात जास्त बोलणं पगाराचं आहे: कुठल्या कारखान्यात किती मिळतं, कुठे थकवतात, कुठे अनामत धरून ठेवतात. त्या काळी कामावर घेताना मालक मुलींकडून अनामत रक्कम घ्यायचे, ओळखपत्र काढून घ्यायचे, पहिला पगार मागे ठेवायचे. म्हणजे मुलगी सोडून जाऊ शकत नसे. २००८ साली लागू झालेल्या चीनच्या कामगार करार कायद्याने ओळखपत्र ठेवून घेणं आणि अनामत घेणं, दोन्हींवर बंदी घातली. आपल्याकडे यंत्रमागावर उचल देऊन माणूस बांधून ठेवतात. तिथे पैसा कामगाराकडून मालकाकडे जायचा, इथे मालकाकडून कामगाराकडे येतो, आणि पाय दोघांचाही अडकतो.

दारांना कुलूप का लावतात? हा प्रश्न मी सोलापुरातही विचारला आहे आणि चीनच्या डोंगग्वान शहरातही. उत्तर सगळीकडे एकच मिळतं: माल चोरीला जातो. चोरीच्या भीतीने लावलेलं कुलूप आग लागल्यावर उघडायला किल्लीवाला जागेवर नसतो. म्हणून मी कुठल्याही कारखान्यात गेले की कार्यालयात चहाला बसायच्या आधी सगळ्या मजल्यांची बाहेर पडायची दारं स्वतः ढकलून बघते. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, कुलूप-कडी न काढता उघडलं पाहिजे, आणि त्याच्यासमोर एक खोकंही असता कामा नये.

चीनमध्ये एका प्रकारच्या इमारतीला 'तिन्ही एकात' असं म्हणतात. खाली कारखाना, मध्ये गोदाम, वर राहायच्या खोल्या. झिलीसारख्या आगींनंतर अशा इमारतींवर बंदी आली, तरी छोट्या युनिटांत त्या पुन्हा पुन्हा सापडतात. सोलापूरकरांना हे दूरचं वाटू नये. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्यात कामगार होते, कारखान्याचे मालक होते आणि त्यांच्या घरातलं लहान मूलही होतं. ती माणसं तिथेच राहत होती. त्या दिवसापासून मी आपल्या इथल्या प्रत्येक युनिटमध्ये पहिलं हेच विचारते, की रात्री या इमारतीत कोण झोपतं?

केडर आणि झिलीनंतर मोठ्या कारखान्यांतल्या आगीच्या व्यवस्थेत खरोखर फरक पडला. जिने, फवारे, कवायती, सगळं दिसतं. खेळणी उद्योगाच्या जागतिक परिषदेने १९९५ मध्ये आचारसंहिता केली, २००४ पासून कारखाने तपासायची यंत्रणा उभी केली. म्हणून आज त्या ताईंना 'कोंडून करून घेतात' याचं उत्तर द्यायचं तर, मोठ्या निर्यात कारखान्यांत आता दाराला कुलूप क्वचित असतं. तिथे आज सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम तासांचा आहे.

खेळण्यांचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. अमेरिका-युरोपची सगळी मागणी नाताळाची. दुकानात माल ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागला पाहिजे, जहाजाला महिना-दीड महिना लागतो, म्हणून कारखान्यात जून ते ऑक्टोबर झुंबड असते. त्यात ब्रँड नमुना उशिरा पक्का करतात, सिनेमा आला की त्यातल्या पात्राची बाहुली वाढवून मागतात, रंग शेवटच्या क्षणी बदलतात, आणि माल पाठवायची तारीख मात्र पुढे सरकत नाही. उशीर झाला तर दंड किंवा विमानाचं भाडं कारखान्याच्या माथी. मग तो सगळा ताण कुठे उतरतो? रात्री दहा-अकरापर्यंत चाललेल्या लाइनवर.

चीनचा कायदा या बाबतीत कागदावर आपल्यापेक्षा कडक आहे. रोजचे आठ तास, आठवड्याचे चाळीस, आणि ओव्हरटाइम महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास. साध्या दिवशीच्या ओव्हरटाइमला दीडपट, साप्ताहिक सुट्टीला दुप्पट, सणाच्या सुट्टीला तिप्पट. म्हणजे कायद्याने आठवडा सरासरी ४८-४९ तासांच्या पुढे जायला नको. स्थानिक कामगार कार्यालयाकडून तासांची वर्षभराची सरासरी काढायची परवानगी मिळू शकते, आणि बरेच कारखाने ती घेतात. तरीही हंगामात महिन्याला शंभर तासांच्या आसपास ओव्हरटाइम, आठवड्यातले सहा दिवस आणि कधी सातही, हे चित्र स्वतंत्र तपासण्यांत वर्षानुवर्षं येत राहिलं आहे. २००० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली 'चायना लेबर वॉच' ही संस्था आपली माणसं कामगार म्हणून कारखान्यात भरती करून आतली नोंद घेत असे. मोठ्या जागतिक ब्रँडची खेळणी बनवणाऱ्या कारखान्यांवरचे त्यांचे अहवाल वाचले, तर दर वेळी त्याच गोष्टी सापडतात: जास्तीचे तास, अपुरं प्रशिक्षण, रसायनांपासून बचाव नाही, विम्याचे पूर्ण हप्ते भरलेले नाहीत.

ऑडिटरला हे दिसत नाही का? दिसतं, पण शोधावं लागतं. कारण हजेरी आणि पगाराचे दोन संच असतात, एक खरा आणि एक दाखवायचा. दाखवायच्या हजेरीत सगळे सहाला घरी जातात आणि रविवारी सुट्टी असते. अशा वेळी मी हजेरी बाजूला ठेवते आणि ज्या कागदांकडे कुणाचं लक्ष नसतं ते मागते. कापडी खेळण्यांच्या कारखान्यात तुटलेल्या सुईची वही असते. शिवताना सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून, चिकटपट्टीने वहीत लावून, तारीख-वेळ लिहावी लागते, नाहीतर तुकडा अस्वलाच्या पोटात राहून मुलाला टोचेल. ही वही खोटी लिहायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ती मालाच्या सुरक्षिततेची वही आहे. त्या वहीत रविवारी रात्री साडेनऊला मोडलेली सुई सापडली, तर त्या रविवारी शिवण चालू होती हे ठरलं. तसंच प्लास्टिकला साच्यात आकार देणाऱ्या मोल्डिंग मशीनच्या तपासणीच्या चिठ्ठ्या, गेटवरची गाड्यांची नोंद, मेसमध्ये रात्री किती ताटं लागली त्याचा हिशेब. शिवाय सरळ गणित असतं. इतक्या मशीन, इतकी माणसं, एका अस्वलाला इतकी मिनिटं. दाखवलेल्या तासांत तेवढा माल निघतच नसेल तर एकतर तास खोटे आहेत किंवा माल दुसरीकडे, न सांगितलेल्या युनिटमध्ये बनतोय. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण त्या युनिटचं नावही कुणाला माहीत नसतं.

आणि कामगार? त्यांना उत्तरं पढवलेली असतात. माझी सहकारी त्यांच्याशी कारखान्यात बोलायची तेव्हा सगळ्या बाया एकाच वाक्यात उत्तर द्यायच्या. संध्याकाळी बाहेर, भाजीच्या बाजारात भेटल्या की बोलणं वेगळं असायचं. पण तिथेही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे आणि ती मी इथे सविस्तर लिहिते, कारण बाहेरून बघणाऱ्यांच्या ती लवकर लक्षात येत नाही. त्या बायांना ओव्हरटाइम हवा असतो.

कारण मूळ पगार सरकारी किमान वेतनाएवढाच असतो. २०२२ मध्ये शेनझेनमध्ये ते महिना २,३६० युआन होतं, डोंगग्वानमध्ये १,९००, आणि त्याच प्रांतातल्या आतल्या हेयुआनसारख्या जिल्ह्यात १,६२०. कारखाने किनाऱ्यावरून आत का सरकतात याचं अर्धं उत्तर या तीन आकड्यांतच आहे. नुसत्या या पगारात गावाकडे पैसे पाठवून काही शिल्लक राहत नाही. महिन्याच्या कमाईचा मोठा हिस्सा ओव्हरटाइमचा असतो. ऑडिटरने कडक होऊन तास कमी करायला लावले आणि दर तेवढाच राहिला, तर बाईचा पगार पडतो आणि ती शेजारच्या, जास्त तास देणाऱ्या कारखान्यात जाते. आमच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांना कुणी सांगितलं की तुम्ही फार वेळ बसता, कमी वळा, तर त्या काय म्हणतील? हजारी दर, म्हणजे हजार विड्यांमागची मजुरी वाढवा, मग आम्ही उठतो. छाट कमी काढा, म्हणजे नापास म्हणून कमी विड्या बाजूला टाका, मग आम्ही उठतो. तास कमी करायची मागणी दर वाढवण्यापासून तोडून करता येत नाही. ब्रँड तास कमी करा असं पत्र पाठवतात आणि त्याच महिन्यात किंमत दोन टक्क्यांनी खाली मागतात. दोन्ही पत्रं एकाच कारखान्याच्या फायलीत लागलेली मी वाचली आहेत. दोन वेगवेगळ्या विभागांतून आलेली असतात, पण कारखान्याला ती एकत्रच पाळायची असतात.

किमतीतला वाटा किती असतो? २०१८ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या 'द गार्डियन'ने, 'सॉलिडार सुइस' ही स्विस संस्था आणि 'चायना लेबर वॉच' यांच्या तपासणीच्या आधारे एक बातमी दिली होती. साधारण ३५ पौंडांना विकल्या जाणाऱ्या डिस्नेच्या एरियल बाहुलीमागे ती बनवणाऱ्या कामगार बाईला एक पेनी मिळत होती. पस्तीस पौंडांत साडेतीन हजार पेनी असतात. ही एक पेनी दोन झाली असती तर दुकानातल्या किमतीत ग्राहकाला काही कळलंही नसतं. म्हणून 'कामगारांना जास्त दिलं तर खेळणी महाग होतील' हे म्हणणं मला पटत नाही.

रसायनांचं लिहायलाच हवं. बाहुलीचे डोळे, ओठ, गाडीवरचे पट्टे रंगवायला फवारणी होते. रंग पातळ करायला आणि चुकलेला रंग पुसायला थिनर लागतो. बाया उघड्या हाताने थिनरमध्ये चिंधी बुडवून पुसत बसतात, दिवसभर, बंद खोलीत. थिनरमध्ये बेंझिन असेल तर ते हाडांच्या मज्जेवर परिणाम करतं, रक्त बनायचं कमी होतं, पुढे रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. एन-हेक्झेन नावाचं द्रावक असेल तर हातापायाच्या नसा मरतात. आधी बोटांना मुंग्या, मग चप्पल पायातून निसटते ते कळत नाही. गंमत वाटावी इतका साधा उपाय आहे: खेचणारा पंखा प्रत्येक टेबलाला, योग्य हातमोजे, आणि द्रावकाच्या पिंपावर त्यात काय आहे ते लिहिलेलं. कापडी मास्कने वाफ अडत नाही, कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो. पण ऑडिटच्या दिवशी वाटलेले मास्क नवीन कोरे असतात, घडी न मोडलेले, आणि त्यावरूनच कळतं की काल ते नव्हते. मोल्डिंगच्या मशीनवर दार उघडं असेल तर साचा मिटूच नये असा खटका असतो. वेग वाढवायला तो खटका बांधून ठेवतात आणि हात चिरडतो. आपल्या यंत्रमागावर आणि पॉवरप्रेसवर हाच प्रकार मी पाहिलेला आहे, फार वेगळं काही नाही.

तुम्ही विचाराल, एवढी ऑडिटं होतात तर सुधारत का नाही? माझ्याच धंद्याबद्दल मला हे सांगायला हवं. पाकिस्तानात कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगार हक्कांचं नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज, दारं बंद. ऑडिट हा एका दिवसाचा फोटो असतो. बहुतेक वेळा त्याचे पैसे कारखानाच भरतो, आणि तारीख आधी कळवलेली असते. ऑडिटने आग विझवायच्या बाटल्या आणि जिने सुधारतात, कारण ते दिसतात. तास आणि पगार सुधारत नाहीत, कारण ते किमतीत दडलेले असतात.

बांगलादेशात २०१३ साली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेल्यावर वेगळी वाट निघाली. कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला. अहवाल जाहीर करायचे, दुरुस्तीला पैसे द्यायचे, नाही केलं तर कारखान्याचं काम बंद. त्याने कपड्यांच्या कारखान्यांच्या इमारती खरोखर सुरक्षित झाल्या. खेळण्यांच्या धंद्यात तसा करार झालेला नाही, आणि चीनमध्ये तो होणं आणखी अवघड, कारण तिथे एकच सरकारमान्य कामगार संघटना आहे आणि स्वतंत्र संघटना करायला परवानगी नाही. सोलापुरात लाल बावट्याखाली विडी कामगार बायकांनी लढून मजुरीचे प्रश्न लावून धरले, कुंभारीला घरं मिळवली. तसं मोर्चा काढायचं साधनच तिथल्या बाईकडे नाही. तिच्या हातात फक्त नोकरी सोडणं आहे, आणि तेही नववर्षाची सुट्टी आली की, थकलेला पगार हातात पडल्यावर.

आता तुमचा आयएसआय शिक्क्याचा प्रश्न. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा परवाना आणि आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, परदेशी कारखान्यालाही. हा शिक्का फार गरजेचा आहे. रंगातलं शिसं मर्यादेत आहे, सुटा भाग मुलाच्या घशात अडकणार नाही, बॅटरीचं खेळणं तापणार नाही, हे तो बघतो. २००७ मध्ये शिशाच्या रंगामुळे मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीला लाखो खेळणी परत मागवावी लागली होती, ती घटना आठवा. पण शिक्का खेळणाऱ्या मुलासाठी आहे. बनवणाऱ्या बाईचे तास, पगार, पंखा, दार यांतलं काहीही तो तपासत नाही. एका गोष्टीला मात्र तो उपयोगी आहे. शिक्क्याखाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवानाधारक कारखान्याचं नाव-पत्ता कळतो. इथे तुम्हाला पहिल्यांदा एका खोक्यामागचा एक खरा कारखाना सापडतो.

आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे दुकानात भारतीय माल वाढला आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. पण भारतीय म्हणजे कामगारांसाठी चांगला, असं आपोआप होत नाही. तेच मोल्डिंग मशीन, तोच थिनर, तेच दिवाळीपूर्वीचे तास. आपल्याकडे जास्तीच्या तासाला दुप्पट दर द्यावा लागतो, पण कंत्राटदाराच्या कामगाराला तो मिळतो का, हे त्याच कामगाराला विचारा.

माल बंद करावा का? माझं स्पष्ट मत, देश बघून बंद करू नका. मागणी नुसती उडाली तर पहिलं काम त्याच बाईचं जातं, थकलेला पगार हातात न पडता. ज्या मालाच्या खोक्यावर ना शिक्का, ना आयातदाराचं नाव, ना पत्ता, तो मात्र ठेवू नका. गड्ड्याच्या जत्रेत विकायला स्वस्तात मिळाला तरी नको. जिथे बनवणाराच लपवलेला आहे तिथे मुलाची आणि बाईची, दोघांचीही सुरक्षितता कुणी पाहिलेली नाही.

मोठ्या आयातदाराला किंवा वितरकाला लेखी विचारा, आणि एकट्याने नाही, पेठेतल्या चार-पाच दुकानदारांनी मिळून. कारखान्याचं नाव आणि पत्ता काय? शेवटचं सामाजिक ऑडिट कुठल्या महिन्यात झालं आणि ते आगाऊ कळवून होतं का? जुलै ते ऑक्टोबरमध्ये आठवड्याचे सर्वात जास्त तास किती होते? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. पोरांना कामाला ठेवता का, असं विचारलं तर सगळे 'नाही' म्हणतात आणि ते बहुतेक खरंही असतं. तासांच्या प्रश्नाला एक आकडा द्यावा लागतो. ज्याच्याकडे आकडा आहे त्याने निदान मोजलंय. साठच्या आतला आकडा आला तर पुढचा प्रश्न पगाराचा विचारा. 'सगळं नियमाप्रमाणे आहे' एवढंच उत्तर आलं तर समजा की त्याने कारखाना पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे. दिवाळीची ऑर्डर गणपतीनंतर घाईत देऊ नका, मे-जूनमध्ये द्या आणि त्यातली निम्मी तरी बदलू नका. तुमच्या दुकानाची ऑर्डर लहान आहे, पण तुमचा वितरक अशा शंभर दुकानांच्या ऑर्डरी एकत्र करून कारखान्याला तारीख देतो, आणि लाइन रात्री किती वाजता सुटणार ते त्या तारखेवर ठरतं. त्या ताई पुन्हा आल्या तर त्यांना सांगा की मुलं कामाला असल्याची भीती बहुतांशी जुनी झाली, पण आयांचे तास अजून फार आहेत, आणि आम्ही वितरकाला त्याबद्दल पत्र दिलं आहे. पत्राची प्रत काउंटरवर ठेवा. वितरकाचं उत्तर आलं की मला पाठवा, मी ते वाचून देईन.